लॅपटॉप तापतोय की ग्राफिक्स चिप गेलीय? गोव्याच्या हवेत आधी निदान, मग दुरुस्ती

पडद्यावर अचानक रंगीत पट्टे उठले, गेम चालू असताना लॅपटॉप झटक्यात बंद पडला किंवा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला, की आपण थेट दुकान गाठतो. तिथं दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं: "पेस्ट बदलून देतो" (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) किंवा "चिप गेली, रीबॉल करावी लागेल" (चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलावे लागतील). ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं अर्ध्या दिवसात बरं होतं. दुसऱ्यावर चुकीचा इलाज झाला तर पैसे जातात आणि दोन-तीन आठवड्यांत लॅपटॉप पुन्हा त्याच टेबलावर येतो. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानंच करा. त्यातल्या बऱ्याचशा घरी, एक पैसाही न खर्चता होतात.

गोव्यात लॅपटॉप लवकर का तापतो

कारणं तीन. पहिलं साधं आहे. खोलीचं तापमान जेवढं वाढेल, जवळजवळ तेवढंच चिपचंही वाढतं. २० अंशांच्या खोलीत ८४ अंशांवर चालणारा लॅपटॉप मे महिन्यात म्हापशाच्या ३३ अंशांच्या खोलीत तेच काम करताना ९७च्या आसपास जातो. त्यात बिघाड काहीच नसतो.

दुसरं कारण मीठ. समुद्राच्या वाऱ्यातून मिठाचे बारीक कण घरात येतात आणि पंखा ते आत ओढतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या बरीच वर असते. मग हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भागाच्या) पात्यांवर चिकट थर बसतो, त्याला धूळ धरते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. मिरामार, कळंगुट, कोलवा या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिसरं कारण आतल्या भागाचं: डिचोली, सांखळी, उसगाव बाजूची तांबडी धूळ. ती पिठासारखी बारीक असते आणि पंख्याच्या धुऱ्यापर्यंत पोचते.

१. आधी डेटा आणि कागद

लॅपटॉप चालू होतोय तोवर बॅकअप घ्या. ग्राफिक्स चिप मरायला लागली की पडदा कधी काळा पडेल याचा नेम नसतो.

इथं एक मोठा सापळा आहे. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. मदरबोर्ड बदलला की विंडोज या कुलुपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी किल्ली मागतं. ती नसेल तर कुणीही डेटा परत देऊ शकत नाही, दुकानदारही नाही आणि कंपनीही नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती किल्ली आजच कागदावर उतरवून घ्या. हे काम पुढे ढकलू नका.

हाताशी ठेवायचे कागद:

- जीएसटीचं मूळ बिल आणि ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरची प्रत
- लॅपटॉपच्या पाठीवरच्या सीरियल नंबरचा फोटो
- वॉरंटी कधी संपते त्याचा कंपनीच्या संकेतस्थळावरचा स्क्रीनशॉट
- पडद्यावरच्या बिघाडाचा, तारीख दिसेल असा छोटा व्हिडिओ
- आधी दुरुस्ती झाली असल्यास तिची जॉब शीट

वॉरंटी चालू असेल तर पाचव्या पायरीला हात लावू नका. स्क्रूवरचं सील तुटलं की पुढे वाद होतात.

२. तापमान मोजा

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्या, फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स चालेल. लॅपटॉप टणक टेबलावर ठेवा, चार्जर लावा, खोलीचं तापमान लिहून घ्या. दहा मिनिटं काहीही न करता थांबा आणि आकडा टिपा. मग तुमचं नेहमीचं सगळ्यात जड काम ३० मिनिटं चालवा: गेम, व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, जे असेल ते. फरमार्कसारखी ताण देणारी चाचणी आजारी चिपवर चालवू नका. तिचा जीव जायचा असेल तर तिथंच जाईल.

आकडे असे वाचा. निवांत असताना ४० ते ५५ अंश ठीक. कामाच्या भरात प्रोसेसर ९०पर्यंत आणि ग्राफिक्स चिप ७५ ते ८५ अंशांत असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिंता नको. इंटेलचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांना आपला वेग स्वतःच कापतात. सतत ९५च्या वर आणि वेग अर्ध्यावर आलेला असेल तर गरम हवा बाहेर जात नाहीये.

आकड्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कसा चढतो. काम सुरू करताच दोन-तीन सेकंदांत ५० वरून ९५ आणि काम थांबताच तितक्याच झटक्यात खाली, असं असेल तर चिप आणि हीटसिंक यांच्यातली पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेलं नाही. आठ-दहा मिनिटं हळूहळू चढत गेला आणि उतरायलाही वेळ लागला तर पेस्ट बरी आहे, हवेचा रस्ता तुंबलाय. आता हवा बाहेर पडते तिथं तळहात धरा. आत ९५ अंश आणि बाहेर कोमट झुळूक, याचा अर्थ उष्णता पात्यांपर्यंत पोचतच नाही: पेस्ट तरी संपली आहे किंवा तांब्याची हीट पाइप निकामी झाली आहे. हवा भाजण्याइतकी गरम पण अगदी थोडी येत असेल तर पात्यांत धूळ आहे.

३. पडद्याची परीक्षा

पट्टे, ठिपके, चौकोनी ठिगळं दिसत असतील तर दोष चार ठिकाणी असू शकतो: ड्रायव्हर, पडदा, पडद्याची केबल किंवा ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी. हा क्रम धरा.

बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल तर दोष बहुधा पडद्यात किंवा केबलमध्ये आहे. तिथंही पट्टे असतील तर चिप किंवा ड्रायव्हर.

एचडीएमआयनं घरचा टीव्ही जोडा. टीव्हीवर सगळं ठीक आणि लॅपटॉपवर पट्टे, तर पुन्हा पडदा किंवा केबल. झाकण हळू मागेपुढे करताना पट्टे बदलत असतील तर केबलच. ही दुरुस्ती चिपच्या मानानं किरकोळ आहे, आणि केबल खराब असताना "चिप गेली" असं सांगितलं जाण्याचा धोका इथंच असतो. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर डी बटण दाबून धरून पॉवर दाबलं की पडदा स्वतःची तपासणी करतो, लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक दाखवतो. ते रंग स्वच्छ दिसले तर पडद्याला दोष देऊ नका.

शेवटी बायोसमध्ये जा. विंडोज सुरू होण्याआधीच्या या पानावरही ठिगळं असतील तर ड्रायव्हरचा संबंध नाही. फक्त विंडोजमध्येच दिसत असतील तर डीडीयू या प्रोग्रामनं सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि लॅपटॉप कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डावर पिवळं चिन्ह आणि कोड ४३ आला, नवा ड्रायव्हर टाकूनही परत आला, तर चिपचा संशय पक्का होत जातो.

४. स्क्रू न उघडता होणारे उपाय

- गादी, उशी, मांडी बंद. मागची बाजू दोन-अडीच सेंटीमीटर उचला. लाकडाची पट्टी पुरते.
- पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. टर्बो (गरजेला प्रोसेसरचा वेग वाढवण्याची सोय) बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरतं. ऑफिसच्या कामात फरक जाणवत नाही.
- गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवा. पडदाच ६० हर्ट्झचा असेल तर १४० फ्रेम काढून चिप उगाच शिजते.
- झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट निवडा. नव्या लॅपटॉपचा स्लीप अर्धवट जागा असतो. मडगावहून पणजीला कदंब बसमधून येईतो तो बंद बॅगेत तापत बसतो.

५. उघडून साफसफाई आणि पेस्ट

लागणारं सामान: चुंबकी टोकाचा पीएच० आणि पीएच०० स्क्रूड्रायव्हर (काही लॅपटॉपना टॉर्क्स टी५), प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं गिटार पिक, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, धागे न सुटणारं कापड, रंगकामाचा मऊ ब्रश, हातपंप ब्लोअर, ४ ग्रॅम थर्मल पेस्ट आणि गरजेप्रमाणे थर्मल पॅड. दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं ग्लिसरीन बोर्डावर राहतं.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीनं लावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचं कव्हर फोडून बाहेर येतो. तळ उघडताच सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. बॅटरी फुगलेली दिसली (टचपॅड वर आलेला असतो) तर तिथंच थांबा. ती खुपसू, वाकवू नका. आधी बॅटरी बदलायची.

आता खरी जागा. बाहेरून फुंकर मारून लॅपटॉप साफ होत नाही, कारण धुळीची गादी पंखा आणि पाती यांच्या मधोमध बसते. पंख्याच्या झाकणाचे दोन-तीन बारीक स्क्रू काढा आणि झाकण उचला. पात्यांच्या तोंडाशी करड्या फेल्टसारखा एक तुकडा उभा दिसेल, समुद्रकाठच्या लॅपटॉपमध्ये तो जरा ओलसर आणि कडेला हिरवट. चिमट्यानं तो अखंड निघतो. बाहेरून हवा मारली असती तर हाच तुकडा पंख्यात गेला असता.

पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा आणि मगच ब्लोअर चालवा. मोकळा फिरवला तर बेअरिंग खराब होतं आणि उलटा वीजदाब बोर्डात जाऊ शकतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नका; टाकीत साचलेलं पाणी आणि तेल त्या हवेबरोबर बोर्डावर उडतं, आणि आपल्या दमट हवेत ते पाणी फार साचतं. हिरवा थर अल्कोहोल आणि ब्रशनं जेवढा निघेल तेवढा काढा. तांब्याची भांडी चिंचेनं किंवा सोलांनी (आमसुलांनी) लख्ख होतात म्हणून हीटसिंकला ते लावू नका. आंबट रस पात्यांच्या फटींत राहतो आणि गंज आणखी वाढवतो.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडताना उलट क्रमानं, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा. जुनी पेस्ट घट्ट धरून असेल तर ओढू नका. लॅपटॉप पाच मिनिटं चालवून मग उघडला की ती मऊ झालेली असते. चिप आणि तांबं दोन्ही आरशासारखं होईतो अल्कोहोलनं पुसा.

लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, उघडं सिलिकॉन असतं. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवून भागत नाही, कोपरे कोरडे राहतात. पातळ थर सगळ्या पृष्ठभागावर पसरा. फार सैल, वाहती पेस्ट गरम-थंड होताना हळूहळू कडेला ढकलली जाते आणि सहा-आठ महिन्यांत तापमान पुन्हा चढतं. लॅपटॉपला जराशी घट्ट पेस्ट बरी. पेस्टऐवजी लावायचा पीटीएम७९५० हा पातळ थर्मल पापुद्रा मिळाला तर तो आणखी चांगला. तो सुमारे ४५ अंशांना मऊ होतो, जागा भरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. लिक्विड मेटलच्या नादी लागू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं आणि एक थेंब ओघळला तर बोर्ड जातो.

मेमरीवरच्या पॅडची जाडी हा दुसरा सापळा. ०.५, १, १.५ मिमी असे पॅड येतात. १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा लावला तर हीटसिंक उचललं जातं, मुख्य चिपला टेकतच नाही आणि साफसफाईनंतर लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापतो. जुना पॅड शाबूत असेल तर तोच ठेवा.

जोडताना स्क्रू १-२-३-४ क्रमानं, दोन फेऱ्यांत आवळा. मग दुसऱ्या पायरीची चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.

६. चिपच गेली असेल तर

इथं थोडं खोलात जावं लागेल, कारण सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो.

ग्राफिक्स चिपमध्ये सोल्डरचे दोन थर असतात. सिलिकॉनचा तुकडा सूक्ष्म मण्यांनी हिरव्या तळपट्टीला जोडलेला असतो, आणि ती तळपट्टी मोठ्या गोळ्यांनी मदरबोर्डला. तापल्यावर सिलिकॉन फारच थोडं पसरतं, तळपट्टी त्याच्या पाचपट किंवा अधिक. रोज गरम-थंड होताना ही ओढाताण आतल्या मण्यांवर येते आणि त्यांना तडे जातात. हे मणी सांभाळायला भोवती जो चिकट पदार्थ भरतात, तो कमी तापमानाला मऊ होणारा निघाला तर मणी उघडे पडतात.

हे घडून गेलं आहे. जुलै २००८मध्ये एनव्हिडियानं चिपच्या बांधणीतल्या कमकुवत सामग्रीपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. जीफोर्स ८४००एम, ८६००एमच्या काळातले ॲपल, डेल, एचपीचे अनेक लॅपटॉप त्यात सापडले. पुढे २०११च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमधल्या रेडिऑन चिपच्या तक्रारींसाठी ॲपलला फेब्रुवारी २०१५मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली.

आता "रीबॉल" या शब्दाकडे या. रीबॉलिंगमध्ये खालचे मोठे गोळे बदलतात. तडे जर वरच्या सूक्ष्म मण्यांत असतील तर गोळे बदलून काही साधत नाही. पण त्या कामात चिप २०० अंशांच्या वर तापते, तडे गेलेले मणी तात्पुरते टेकतात आणि लॅपटॉप चालू होतो. हॉट एअर गननं नुसती चिप तापवणं किंवा बोर्ड ओव्हनमध्ये भाजणं याचं "यश" हेच असतं. काही दिवस, फार तर काही आठवडे. तापवल्यावर चालला म्हणजे गोळेच खराब होते, हे सिद्ध होत नाही. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये तर बोर्ड कधीच नको: बोर्डावरचे कपॅसिटर फुटतात आणि जिथं अन्न शिजतं तिथं फ्लक्सचा (सोल्डरिंगला लावलेल्या रसायनाचा) विषारी धूर बसतो.

टिकाऊ उपाय दोनच: चिप नवी बसवणं किंवा बोर्ड बदलणं. दुकानात हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं जॉब शीटवर लिहून घ्या:

- चिप बदलणार की तीच रीबॉल करणार?
- आधी ग्राफिक्स मेमरी तपासली का? दोष कधी कधी शेजारच्या एका मेमरी चिपमध्ये असतो, ती बदलणं स्वस्त पडतं.
- चिपवरची तारीख दाखवा. एनव्हिडियाच्या चिपवर चार आकडे असतात, पहिले दोन वर्ष आणि पुढचे दोन आठवडा: ११३२ म्हणजे २०११चा ३२वा आठवडा. "नवी" म्हणून दुसऱ्या बोर्डावरून उतरवलेली चिप खपवतात.
- बसवण्याआधी चिप सुकवणार का? ओलावा मुरलेली चिप झटकन तापवली तर आतल्या वाफेनं थर सुटतात. १२५ अंशांच्या आसपास काही तास सुकवावी लागते. जुलैत गोव्यात हे टाळलं तर नवी चिपही जाऊ शकते.
- हमी किती दिवसांची? ३० दिवसांपेक्षा कमी सांगत असतील तर ते नुसतं तापवणार आहेत असं समजा.

तशाच जुन्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त खर्च सांगितला तर दुरुस्ती करू नये, असं माझं मत आहे. त्याआधी एक मोफत वाट बघा. प्रोसेसरमध्ये त्याचं स्वतःचं ग्राफिक्स असेल आणि पडदा त्यालाच जोडलेला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बिघडलेलं कार्ड डिसेबल करा. काही लॅपटॉपमध्ये बायोसमध्येही सोय असते. गेम चालणार नाहीत, पण अभ्यास, हिशोब, ऑनलाइन वर्ग यांना तो लॅपटॉप आणखी काही वर्षं सहज पुरतो.

७. कंपनी किंवा दुकान दाद देत नसेल तर

तक्रार ईमेलनं करा, फोनवर नको. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग; उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळे आहेत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. पहिल्या पायरीतला व्हिडिओ आणि जॉब शीट इथं उपयोगी पडतात.

८. पावसाळ्यात जपायचं कसं

जून-जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांच्या एसी खोलीतून लॅपटॉप उघड्या पडवीत आणला की थंड तांब्यावर पाणी धरतं, थंड ग्लासावर धरतं तसं. तो बॅगेतच अर्धा-पाऊण तास ठेवा, मग चालू करा.

लॅपटॉप आठवडेच्या आठवडे कपाटात ठेवू नका. रोज तासभर चालला तर स्वतःच्या उष्णतेनं कोरडा राहतो. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत, बॅटरी निम्मी भरून. तांदळात पुरून ठेवण्याचा उपयोग नाही. ओलावा फारसा शोषला जात नाही, वर पीठ पंख्यात जातं.

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की एक दिवस काढा आणि दुसऱ्या पायरीतली ३० मिनिटांची चाचणी त्याच टेबलावर, तेच काम चालवून पुन्हा घ्या. खोलीच्या तापमानातला फरक वजा करूनही आकडा आधीपेक्षा ८-१० अंश वर असेल तर पंख्याचं झाकण उघडायची वेळ झाली आहे.